व्हिडिओ गेममधील शस्त्रांची झीज व दुरुस्ती

शस्त्रांची झीज व दुरुस्ती ही व्हिडिओ गेमच्या रचनेतील एक यंत्रणा आहे. तिच्यात खेळाडूजवळील तलवार, धनुष्य, बंदूक किंवा चिलखत वापरागणिक झिजत जाते. ठरावीक मर्यादेनंतर ते मोडते, निकामी होते अथवा त्याची परिणामकारकता घटते. ते पुन्हा कामाचे करण्यासाठी खेळाडूला पैसा, साहित्य, वेळ किंवा कौशल्य खर्च करावे लागते. काही खेळांत दुरुस्तीची सोयच नसते आणि मोडलेल्या शस्त्राच्या जागी दुसरे शोधावे लागते.

या यंत्रणेमुळे शस्त्र ही एकदा मिळवून कायम बाळगण्याची वस्तू न राहता जपून खर्च करण्याची वस्तू बनते. भूमिकाप्रधान, भयपटसदृश, जगण्याच्या धडपडीवर आधारलेल्या आणि मुक्त जगाच्या खेळांत ती विशेष आढळते. खेळाडूंमध्ये तिच्याविषयी तीव्र मतभेद आहेत. अनेक खेळमालिकांनी ती एका भागात आणली, दुसऱ्या भागात काढली आणि पुढे पुन्हा आणली, असे दिसते. खेळांतील झीज प्रत्यक्षातील शस्त्रांच्या झिजेवरून सुचलेली असली, तरी दोन्हींत मूलभूत फरक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या परिसरातील बांबूचा तिरकामठा, तसेच शिकलगार व लोहार यांचे काम यांच्याशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो.

## संज्ञा व मूलभूत रचना

शस्त्र किती वापर सहन करू शकते हे दर्शविणाऱ्या अंकास टिकाऊपणा असे म्हणतात. नव्या शस्त्राचा टिकाऊपणा कमाल असतो. प्रत्येक वापराबरोबर खेळाची आज्ञावली त्यातून काही अंक वजा करते. उरलेल्या अंकाचे कमाल अंकाशी असलेले प्रमाण म्हणजे शस्त्राची स्थिती होय. ती बहुधा रंगीत पट्टीने, टक्केवारीने किंवा शस्त्राच्या चित्रावरील गंज व तडे यांनी दाखविली जाते.

या यंत्रणेची रचना करताना चार प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतात. शस्त्र कशामुळे झिजते, हा पहिला प्रश्न होय. काही खेळांत शत्रूला लागलेला घावच मोजला जातो, तर काहींत भिंतीवर बसलेला वारही मोजला जातो. झिजलेले शस्त्र कमी प्रभावी होते की शेवटच्या घावापर्यंत पूर्ण क्षमतेने चालते, हा दुसरा प्रश्न. टिकाऊपणा शून्यावर आल्यावर शस्त्र नाहीसे होते की दुरुस्तीची वाट पाहत निकामी पडून राहते, हा तिसरा. दुरुस्ती कोण, कोठे आणि कोणत्या मोबदल्यात करतो, हा चौथा. या चार उत्तरांच्या निरनिराळ्या जुळणीतून खेळांत अतिशय भिन्न अनुभव निर्माण झाले आहेत.

## इतिहास

शस्त्रसामग्री खराब होण्याची कल्पना संगणकीय खेळांच्या आरंभकाळापासून आढळते. १९८० मधील ‘रोग’ या भुयारशोधाच्या खेळात ॲक्वेटर नावाचा प्राणी खेळाडूच्या धातूच्या चिलखतावर गंज चढवीत असे. चामड्याच्या चिलखतावर मात्र त्याचा परिणाम होत नसे. त्याच परंपरेतील ‘नेटहॅक’ (१९८७) या खेळात गंजणे, जळणे, कुजणे आणि आम्लाने खाल्ले जाणे असे वस्तू खराब होण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. वस्तू कशाची बनली आहे यावर ती कशाने खराब होईल हे ठरते. येथे झीज नित्य वापराने होत नाही, विशिष्ट संकटामुळे होते.

नित्य वापराने होणाऱ्या झिजेचे ठळक आरंभीचे उदाहरण म्हणजे जपानमध्ये १९९० साली सुरू झालेली ‘फायर एम्ब्लेम’ ही डावपेचांच्या खेळांची मालिका होय. तिच्यात प्रत्येक शस्त्राला वापरांची ठरावीक संख्या दिलेली असते. साधी लोखंडी तलवार दीर्घकाळ चालते, तर दुर्मीळ आणि प्रभावी शस्त्र थोड्याच लढायांत संपते. त्यामुळे उत्तम शस्त्र कोणत्या शत्रूवर खर्च करावे, हा डावपेचाचाच भाग बनतो.

१९९६ मधील ‘डायब्लो’ने ही यंत्रणा भूमिकाप्रधान खेळांच्या मोठ्या वर्गापर्यंत पोहोचविली. त्यातील ट्रिस्ट्रम गावचा लोहार ग्रिस्वोल्ड पैसे घेऊन शस्त्रे दुरुस्त करतो. टिकाऊपणा शून्यावर गेल्यास वस्तू कायमची नष्ट होते. ‘डायब्लो २’मध्ये (२००० साली) हा नियम सौम्य झाला. तेथे शून्यावर आलेली वस्तू नष्ट न होता दुरुस्तीपर्यंत निरुपयोगी राहते. १९९९ मधील ‘सिस्टिम शॉक २’मध्ये बंदुका इतक्या झपाट्याने खराब होत की खेळाडूंनी मोठ्या प्रमाणावर नापसंती व्यक्त केली. पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत झिजेचा वेग बदलण्याची सोय देण्यात आली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही यंत्रणा सर्वत्र पसरली. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) या खेळांत खेळाडू हातोडे बाळगून स्वतः दुरुस्ती करतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) पात्राचा मृत्यू झाल्यास अंगावरील सामग्रीचा टिकाऊपणा १० टक्क्यांनी घटतो. ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’ (२००७) आणि ‘फार क्राय २’ (२००८) यांत झिजलेली बंदूक ऐन चकमकीत अडकते. ‘फॉलआउट ३’मध्ये (२००८) शस्त्राची स्थिती जसजशी खालावते, तसतशी त्याची मारकक्षमता कमी होते.

यानंतर उलटा प्रवाहही दिसू लागला. ‘स्कायरिम’ने (२०११) आधीच्या भागांतील झीज काढून टाकली आणि लोहारकामाचा उपयोग शस्त्र अधिक चांगले करण्यापुरता ठेवला. ‘फॉलआउट ४’मधून (२०१५) शस्त्रांची झीज वगळण्यात आली, मात्र ‘फॉलआउट ७६’मध्ये (२०१८) ती परतली. ‘डार्क सोल्स’ मालिकेत असलेली ही यंत्रणा त्याच निर्मात्यांच्या ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) नाही. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेनेही ‘फेट्स’मध्ये (२०१५) बहुतेक शस्त्रांना अमर्याद केले, पण ‘थ्री हाउसेस’मध्ये (२०१९) मर्यादा पुन्हा आणली.

या विषयावरील सर्वांत मोठी चर्चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मुळे (२०१७) झाली. त्यात बहुतेक शस्त्रे थोड्याच झुंजींत मोडतात आणि सामान्य शस्त्रांच्या दुरुस्तीसाठी कोणी लोहार नाही. ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३) या पुढील भागात शस्त्राला दगड, शिंग, दुसरे शस्त्र किंवा अन्य वस्तू जोडण्याची सोय आली. अशा जोडणीने शस्त्र अधिक प्रभावी होते आणि अधिक काळ टिकते.

## झीज मोजण्याच्या पद्धती

### घावांची मोजणी

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे वापर मोजणे. ‘माइनक्राफ्ट’ हे तिचे परिचित उदाहरण आहे. त्यातील तलवारीचा टिकाऊपणा तिच्या साहित्यावर अवलंबून असतो:

* सोने : ३२
* लाकूड : ५९
* दगड : १३१
* लोखंड : २५०
* हिरा : १,५६१
* नेदराइट : २,०३१

तलवारीच्या प्रत्येक यशस्वी घावाला १ अंक खर्च होतो. तलवारीने ठोकळा फोडल्यास २ अंक जातात. कारण ते तलवारीचे काम नव्हे, असे खेळाच्या नियमांनी ठरविले आहे. तलवार पहिल्या घावाला जितकी प्रभावी असते, तितकीच शेवटच्या घावाला असते आणि नंतर एकाएकी मोडते. ‘अनब्रेकिंग’ या मंत्राच्या तिसऱ्या पातळीवर प्रत्येक वापराला झीज होण्याची शक्यता चारात एक इतकी उरते, म्हणजे तलवार सरासरी चौपट टिकते.

### क्रमाने होणारी घसरण

दुसऱ्या पद्धतीत शस्त्र हळूहळू निकृष्ट होत जाते. ‘फॉलआउट ३’मध्ये स्थिती खालावू लागताच परिणाम जाणवतो. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’मध्ये (२०१०) मात्र स्थिती ७५ टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत मारकक्षमता कमी होत नाही. किंचित वापरलेले शस्त्रही नव्यासारखेच चालावे, या सवलतीमुळे खेळाडूवरील दुरुस्तीचा भार हलका होतो.

### धारेचे प्रतिरूप

‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेत (२००४ पासून) शस्त्र मोडत नाही, त्याची धार बोथटते. धारेची पातळी रंगांनी दाखविली जाते. लाल ही सर्वांत बोथट पातळी असून नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि पांढरा असे चढते रंग असतात. अनेक भागांत त्यावर जांभळा रंगही आहे. बोथट शस्त्र कठीण कातडीवर आपटून उलटते आणि खेळाडू क्षणभर असुरक्षित होतो. धार लावण्यासाठी सहाण वापरावी लागते. ते करताना पात्र जागच्या जागी गुंतून पडत असल्यामुळे धार केव्हा लावावी हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

### मोजणीतील चूक

झीज मोजण्याची पद्धत तांत्रिकदृष्ट्या किती काटेकोर असावी लागते, हे ‘डार्क सोल्स २’च्या उदाहरणावरून कळते. या खेळात काही प्रसंगी झीज पडद्यावरील प्रत्येक चौकटीमागे मोजली जात होती. त्यामुळे सेकंदाला ६० चौकटी दाखविणाऱ्या संगणकावर शस्त्रे सेकंदाला ३० चौकटी दाखविणाऱ्या यंत्रांच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने झिजत. खेळ जितका सहज दिसे, तितकी तलवार लवकर मोडे. ही चूक २०१५ मध्ये दुरुस्त करण्यात आली.

## दुरुस्तीच्या पद्धती

दुरुस्तीचे चार मुख्य प्रकार आढळतात.

मोल देऊन करविलेली दुरुस्ती. खेळाडू गावातील लोहाराकडे जातो, रक्कम देतो आणि शस्त्र तत्काळ पूर्ववत होते. ‘डायब्लो’ मालिका आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ही याची उदाहरणे होत.

साहित्य वा सजातीय वस्तू खर्चून केलेली दुरुस्ती. ‘फॉलआउट ३’मध्ये एक बंदूक दुरुस्त करण्यासाठी त्याच जातीची दुसरी बंदूक मोडावी लागते. ‘माइनक्राफ्ट’मध्ये दोन झिजलेल्या तलवारी एकत्र केल्यास त्यांच्या उरलेल्या टिकाऊपणाची बेरीज होते आणि कमाल टिकाऊपणाच्या ५ टक्के अंक अधिक मिळतात. उदाहरणार्थ, १०० आणि ८० अंक उरलेल्या दोन लोखंडी तलवारींपासून १९२ अंकांची एक तलवार तयार होते. ऐरणीवर मूळ धातूचा एक नग खर्च केल्यास कमाल टिकाऊपणाच्या चतुर्थांशाइतकी भर पडते. मात्र त्याच वस्तूवर ऐरणीचे काम वारंवार केल्यास प्रत्येक वेळी मोल वाढत जाते आणि अखेरीस खेळ पुढील दुरुस्ती नाकारतो.

कौशल्याने केलेली दुरुस्ती. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये (२०१८) खेळाडू फिरत्या सहाणेवर स्वतः तलवारीला धार लावतो. चाकाचा वेग आणि पात्याचा कोन सांभाळावा लागतो. चुकल्यास पाते खराब होते.

आपोआप होणारी दुरुस्ती. ‘डार्क सोल्स २’मध्ये विश्रांतीच्या शेकोटीपाशी बसताच न मोडलेली शस्त्रे पूर्ववत होतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधील मास्टर सोर्ड कधीच मोडत नाही. तिची शक्ती संपली की ती सुमारे १० मिनिटे निष्क्रिय राहते आणि पुन्हा सज्ज होते.

दुरुस्तीला मर्यादा घालण्याचे प्रयोगही झाले आहेत. ‘डायब्लो’च्या पहिल्या भागातील योद्धा स्वतः शस्त्र दुरुस्त करू शकतो, परंतु त्यात वस्तूचा कमाल टिकाऊपणा कायमचा घटतो. ‘डाइंग लाइट’मध्ये (२०१५) हातघाईच्या प्रत्येक शस्त्राच्या दुरुस्तीची संख्या ठरलेली आहे. ‘डायब्लो २’मधील ‘इथीरियल’ वर्गातील शस्त्रांची मूळ मारकक्षमता ५० टक्क्यांनी अधिक असते. त्यांचा टिकाऊपणा सुमारे निम्मा असतो आणि लोहार त्यांना हात लावत नाही.

## रचनेमागील हेतू

खेळनिर्माते ही यंत्रणा प्रामुख्याने तीन कारणांसाठी वापरतात.

पहिले कारण आर्थिक आहे. ज्या खेळांत हजारो खेळाडू एकाच बाजारात देवघेव करतात, तेथे शत्रू मारून मिळणारे नाणे सतत वाढत राहते. ते कोठेतरी नष्ट झाले नाही, तर वस्तूंचे भाव चढत जातात. लोहाराला दिलेली रक्कम दुसऱ्या खेळाडूकडे न जाता खेळातून नाहीशी होते. त्यामुळे दुरुस्तीचे मोल चलनवाढ रोखण्याचे साधन ठरते.

दुसरे कारण वैविध्य हे होय. एकदा उत्तम तलवार मिळाली की खेळाडू दुसऱ्या कशाला हात लावत नाही. शस्त्र मोडणार असल्यास त्याला भाला, गदा, धनुष्य, प्रसंगी स्वयंपाकघरातील पळीसुद्धा वापरून पाहावी लागते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये मोडतेवेळचा शेवटचा घाव अधिक जोराचा असतो. त्यामुळे शस्त्र मोडणे ही हानी असली, तरी तिचा मोबदलाही मिळतो. शिवाय नवी शस्त्रे मिळत राहत असल्यामुळे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात सापडलेल्या शस्त्राला मोल राहते.

तिसरे कारण तणावनिर्मितीचे आहे. अखेरचे काही घाव उरलेली कुऱ्हाड हातात असताना समोर दोन शत्रू उभे ठाकणे, ही भयपटसदृश खेळांतील महत्त्वाची परिस्थिती होय. लढावे की पळावे, हा प्रश्न तेथे शस्त्राच्या झिजेमुळेच उभा राहतो.

तिन्ही हेतू साध्य होणे एका अटीवर अवलंबून असते. झीज आणि दुरुस्ती यांमुळे खेळाडूसमोर खरा निर्णय उभा राहिला पाहिजे. प्रत्येक मोहिमेनंतर लोहाराकडे जाऊन एक कळ दाबणे आणि क्षुल्लक रक्कम देणे यात निर्णय नसतो. तेथे दुरुस्ती हा केवळ उपचार राहतो.

## प्रत्यक्षातील शस्त्रांशी तुलना

### सातपुड्यातील तिरकामठा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगररांगांत येतो. या परिसरातील भिल्ल समाजाचे पारंपरिक शस्त्र म्हणजे तिरकामठा, अर्थात धनुष्यबाण. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्य या अर्थाच्या ‘बिल’ किंवा ‘विल’ या द्राविडी शब्दावरून आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. एकोणिसाव्या शतकातील लेखनात भिल्लांच्या धनुष्याचे जे वर्णन येते, त्यात कमान चिरलेल्या बांबूची, दोरीही बांबूच्या सालीच्या पातळ पट्टीची आणि बाण लोखंडी टोकाचा असतो.

अशा शस्त्राची झीज एका अंकात मांडता येत नाही, कारण त्याचा प्रत्येक भाग निराळ्या कारणाने आणि निराळ्या वेगाने खराब होतो. दोरी घर्षणाने विरते. बाणाची काडी दगडावर आदळून तडकते, पिसे निघतात, लोखंडी टोक बोथट होते किंवा गंजते. कमान या सर्वांहून अधिक टिकते. तिला सर्वांत मोठा धोका बाण सोडण्याचा नसून सतत ताणलेल्या अवस्थेत राहण्याचा असतो. दोरी चढवून ठेवलेले लाकडाचे वा बांबूचे धनुष्य हळूहळू बाक धरते आणि त्याचा जोर कमी होतो. म्हणून काम संपल्यावर दोरी एका टोकाकडून उतरविणे, ही जगभरच्या धनुर्धरांची रीत आहे. ओल, ऊन आणि कीड यांचाही परिणाम होतो.

‘माइनक्राफ्ट’मधील धनुष्याचा टिकाऊपणा ३८४ आहे आणि प्रत्येक बाणामागे त्यातील १ अंक खर्च होतो. ते धनुष्य वर्षभर पेटीत ठेवले, तरी जराही खराब होत नाही. ३८५ वा बाण मात्र ते कधीच सोडू शकत नाही. बांबूच्या धनुष्याचे नेमके उलट आहे. नीट सांभाळल्यास ते पुष्कळ बाण सोडते आणि हेळसांड झाल्यास एकही बाण न सोडता निकामी होते. खेळांतील यंत्रणा वापर मोजते, निगा मोजत नाही.

दुरुस्तीतही असाच भेद आहे. तिरकामठ्याची दोरी तुटली तर दोरी बदलली जाते, बाण मोडला तर लोखंडी टोक काढून नव्या काडीला बसविता येते. कमान आणि दोरी दोन्हींचे साहित्य परिसरातील बांबूतून मिळते. बाहेरून आणावे लागते ते लोखंड. त्यामुळे शस्त्राचा सर्वांत लहान भाग सर्वांत जपण्याजोगा ठरतो. तुटलेले शस्त्र नाहीसे होणे ही खेळांतील कल्पना येथे लागू पडत नाही, कारण मोडलेल्या वस्तूतूनही पुढच्या वस्तूचे साहित्य मिळते. ‘टीअर्स ऑफ द किंगडम’मधील जोडणीची यंत्रणा या वास्तवाच्या काहीशी जवळ जाते.

### शिकलगार आणि लोहार

धातूच्या शस्त्रांची निगा हा महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय होता. तलवारी, कट्यारी घासून-पुसून त्यांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरास शिकलगार म्हणत. खंडेनवमीस घरातील शस्त्रे बाहेर काढून, स्वच्छ करून त्यांची पूजा करण्याची प्रथा आहे. तिच्यामुळे वापरात नसलेल्या शस्त्रांवरील गंजही वर्षातून एकदा नजरेस येतो.

शिकलगाराच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे धार लावणे ही स्वतःच एक प्रकारची झीज आहे. सहाणेवर प्रत्येक वेळी पात्याचे थोडे पोलाद घासून जाते. पुष्कळ वर्षे धार लावलेले पाते अरुंद आणि पातळ होते आणि एका मर्यादेनंतर त्याला धार लावण्यात अर्थ उरत नाही. बहुतेक खेळांत दुरुस्ती शस्त्राला अगदी नव्यासारखे करते. कमाल टिकाऊपणा घटविणारा ‘डायब्लो’ आणि दुरुस्तीची संख्या मर्यादित ठेवणारा ‘डाइंग लाइट’ हे या बाबतीत वास्तवाच्या अधिक निकट आहेत.

मोबदल्याची रीतही निराळी होती. महाराष्ट्राच्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार असे. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ, विळा व कुऱ्हाड वर्षभर दुरुस्त करण्याबद्दल त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे मोल नसल्यामुळे अवजार वेळीच लोहाराकडे नेण्यास आडकाठी नव्हती. खेळांतील लोहार मात्र झिजलेल्या प्रत्येक अंकाचे मोल घेतो. त्यामुळे खेळाडू दुरुस्ती शक्य तितकी लांबणीवर टाकतो.

## टीका

या यंत्रणेवरील मुख्य आक्षेप असा की, ती खेळाडूच्या कर्तबगारीचे फळ हिरावून घेते. कठीण शत्रूला हरवून मिळविलेली तलवार पुढच्याच चकमकीत मोडल्यास ती मिळविण्याचे श्रम व्यर्थ वाटतात. यातून साठवणुकीची वृत्ती निर्माण होते. खेळाडू उत्तम शस्त्रे ठेवणीतल्या वस्त्राप्रमाणे जपून ठेवतो, निकृष्ट शस्त्रांनी लढतो आणि खेळ संपतो तेव्हा ठेवणीतली शस्त्रे न वापरताच उरलेली असतात. वैविध्य वाढविण्यासाठी आणलेली यंत्रणा अशा वेळी ते कमीच करते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सुरुवातीला मोजकीच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे साठवणुकीला आळा बसतो. परंतु सापडलेले चांगले शस्त्र जागेअभावी सोडून देण्याची वेळ येते, याबद्दलही खेळाडूंची नाराजी आहे.

दुसरा आक्षेप वास्तवाच्या नावाखाली होणाऱ्या अतिशयोक्तीविषयी आहे. पोलादी तलवार काही डझन घावांत तुकडे होऊन पडणे किंवा बंदूक काही फैरींतच निकामी होणे हे वास्तवाला धरून नाही. समर्थकांच्या मते हा आक्षेप गैरलागू आहे, कारण झिजेचा वेग खेळातील निर्णयांच्या गरजेनुसार ठरतो, धातूशास्त्रानुसार नव्हे.

तिसरा आक्षेप कंटाळवाण्या पुनरावृत्तीचा आहे. दुरुस्ती स्वस्त, सोपी आणि सर्वत्र उपलब्ध असेल, तर तिच्यामुळे खेळाडूचा वेळ जातो आणि बाकी काहीच बदलत नाही. ‘डार्क सोल्स ३’मध्ये (२०१६) झीज इतकी नगण्य होती की बहुसंख्य खेळाडूंना ती जाणवलीही नाही. त्याच निर्मात्यांनी पुढे ती पूर्णपणे वगळली.

या आक्षेपांना उत्तर म्हणून काही मध्यममार्ग रूढ झाले आहेत. शस्त्र मोडण्यापूर्वी स्पष्ट इशारा देणे, मोडलेले शस्त्र नष्ट न करता कमी क्षमतेने चालू देणे, खेळाडूच्या विशेष जिव्हाळ्याच्या एखाद्या शस्त्राला अभय देणे, तसेच झिजेचा वेग खेळाडूला स्वतः ठरवू देणे, हे त्यांतील प्रमुख होत. ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’मध्ये वापर संपलेले शस्त्रही कमी शक्तीने वापरता येते आणि साहित्य दिल्यास लोहार ते पूर्ववत करतो.

## भारतातील खेळ

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्मिलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या खेळात नायिका त्रिशूळ, धनुष्य, तलवार अशी शस्त्रे वापरते. ही शस्त्रे दैवी वरदान म्हणून मिळालेली असल्यामुळे झिजत नाहीत. खेळाच्या ओघात त्यांची शक्ती वाढविता येते. पुराणकथेच्या धाटणीच्या कथानकाशी ही निवड सुसंगत आहे.

भारतात मोबाइलवर मोठ्या प्रमाणावर खेळल्या जाणाऱ्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’मध्ये (२०२१) बंदुकांना झीज नाही. चिलखत आणि शिरस्त्राण यांना मात्र टिकाऊपणा असून मार झेलता झेलता तो संपत जातो. डाव थोड्या वेळात संपणारा असल्यामुळे बंदुकीची निगा राखण्यास तेथे वाव नसतो. संरक्षक सामग्रीच्या झिजेमुळे मात्र एक चकमक जिंकलेला खेळाडूही पुढच्या चकमकीत थोडा दुर्बळ होऊनच उतरतो. त्यामुळे पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचे अधिक चांगले शिरस्त्राण उचलण्यासाठी उघड्यावर जावे की नाही, हा निर्णय त्याला घ्यावा लागतो.